लाइनवाला

होळीनंतरच्या सोमवारी माझा भाऊ आमेरला गेला. परतताना त्याच्या मोटरसायकलला ट्रकने धडक दिली. दुपारी पोलिसांनी त्याच्या फोनवरून मला फोन केला. मी शाळेच्या ग्रंथालयात कामावर होते. मी घरी जाऊन आप्पांना सांगितलं. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा तो गेला होता.

तो आमेरच्या किल्ल्यावर भिंतींचे फोटो काढायला गेला होता. भेटायला येणारे विचारत, ‘‘कामाच्या दिवशी तिकडे कशाला?’’ मी म्हणे, ‘‘कामासाठीच.’’ एका खेळात भिंती हव्या होत्या, हे त्या दिवसांत सांगवत नसे.

तो आणि त्याचा कॉलेजपासूनचा मित्र मिळून एक मॉड करत होते. कॉम्प्युटरवरचा बंदुकांचा एखादा जुना खेळ घ्यायचा, मूळ मालकांनी मुभा दिली असेल तेवढी त्याची आतली रचना बदलायची आणि त्यातून आपला वेगळा खेळ उभा करायचा, ह्याला मॉड म्हणतात. मूळ खेळात दोन टोळ्या आणि सगळी माणसं सारखीच. धावायचं, गोळ्या झाडायच्या, मरायचं, पुन्हा उठायचं. माझ्या भावाच्या खेळात आधी आपलं काम निवडावं लागे. ह्या कामाला ते लोक ‘क्लास’ म्हणतात. शिपाई, नेमबाज, डॉक्टर, सुरुंगवाला, टेहळ्या. आणि लाइनवाला.

लाइनवाला आप्पांमुळे आला.

आप्पा फौजेत सिग्नलमध्ये होते, लाइनमन, टेलिफोनच्या तारा टाकणारे. शेवटची बदली जयपूरची. आमच्या शाळा मोडू नयेत म्हणून निवृत्तीनंतर दुर्गापुऱ्यात घर घेतलं आणि सातारा सुट्टीपुरता उरला. आई पुढे काही वर्षांनी गेली. मग घरात आम्ही तिघं, आणि बहुतेक रविवारी तो मित्र. त्याच्या घरच्यांचं बनी पार्कमध्ये गेस्ट हाउस आहे. तो हिंदीत बोलतो, मला दीदी म्हणतो. त्याचं बोलणं मी इथे मराठीतच लिहिणार आहे.

अशाच एका रविवारी दोघं तो जुना खेळ खेळत बसले होते. आप्पा चहाचा कप घेऊन मागे उभे राहिले आणि बराच वेळ बघत होते.

‘‘ह्याला कसं कळतं रं, त्याची माणसं कुठं हायत ते?’’

‘‘वर नकाशात दिसतं ना, आप्पा. ते ठिपके.’’

‘‘ते कोण दाखवतं?’’

‘‘कोणी नाही. दिसतंच.’’

‘‘दिसतंच कसं? लाइन कुणी टाकली?’’

मित्र हसला. ‘‘अंकलजी, इथे लाइन लागत नाही.’’

‘‘लढाई बरी हाय तुमची,’’ आप्पा म्हणाले. ‘‘निरोप आपोआप जातोय, जेवण आपोआप येतंय. माणसंबी आपोआप मरत असतील.’’ आणि कप विसळायला आत गेले.

माझा भाऊ हसला नव्हता. त्याने खेळ थांबवला होता.

पुढच्याच आठवड्यात गल्लीत केबलवाल्याने सोडून दिलेली काळी वायर त्याने गोळा करून आणली आणि आप्पांना म्हणाला, ‘‘तुटलेली लाइन कशी शोधतात ते करून दाखवा.’’ आप्पांनी आढेवेढे घेतले नाहीत. कृषी संशोधन केंद्राच्या कुंपणालगत वायर पसरली, भावाने ती कुठेतरी मधेच कापली, आणि आप्पा ती तळहातातून सरकवत चालू लागले. नजर पुढे, हात मागे. समोरच्या घरातल्या बाईंनी गच्चीवरून विचारलं, ‘‘अंकलजी, केबल आ गया क्या?’’ आप्पा न थांबता म्हणाले, ‘‘आ रहा है जी, पैदल आ रहा है.’’ तुटलेलं टोक सापडल्यावर त्यांनी ते आधी कुंपणाच्या खांबाला बांधलं आणि मगच दुसरं शोधायला निघाले. भाऊ उलटा चालत फोनवर सगळं टिपत होता.

त्यातून लाइनवाला झाला. पाठीवर तारेचं रीळ. तो जिथवर तार नेईल तिथवर त्याच्या टोळीला एकमेकांचे आवाज ऐकू येणार, नकाशावर एकमेकांचे ठिपके दिसणार. शत्रूने तार कापली की सगळे एकटे. मग लाइनवाल्याने तार हातात धरून तुटलेली जागा शोधायची. तार हातात असेपर्यंत त्याला धावता येत नाही आणि बंदूकही उचलता येत नाही. बाकीचे पाच क्लास नंतर आले. प्रत्येकाची माहिती लिहायचं काम माझ्याकडे होतं. ‘‘ताई, दोन ओळी,’’ तो म्हणायचा. ‘‘कादंबरी नको.’’

तेराव्यानंतर मित्र आला. आप्पा आत झोपले होते. तो खुर्चीच्या कडेवर बसला, पाणी प्यायला, आणि ग्लास हातातच ठेवून म्हणाला, ‘‘दीदी, एक विचारायचं आहे. आज नाही सांगितलंत तरी चालेल, पण या महिन्यात सांगावं लागेल.’’

बाहेरच्या एका मंडळाने त्यांचा खेळ पाहिला होता. हे लोक इंटरनेटवर सामने भरवतात. आमचा खेळ आपल्या यादीत घ्यायला ते तयार होते. अट एकच, लाइनवाला काढायचा. त्याच्यामुळे सामने लांबतात आणि ते काम कोणी घेत नाही, असं त्यांचं म्हणणं.

‘‘मग नाही म्हणून कळव,’’ मी म्हटलं.

‘‘सर्व्हरवर आता कोणी येत नाही. तो होता तेव्हा एकेकाला गळ घालून आणायचा. मला ते जमत नाही.’’

‘‘असू दे रिकामा.’’

‘‘तुम्ही पुस्तकांतल्या. कोणी वाचलं नाही तरी कपाटात पुस्तक असतं. हा खेळ तसा नाही. कोणी खेळलं नाही तर तो नसतोच.’’

मी चिडले. ‘‘लाइनवाला काढला तर तो माझ्या भावाचा खेळ कसा राहील?’’

‘‘माझाही आहे,’’ तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण ग्लास त्याने टेबलावर आपटला. ‘‘मला कोणी भेटायला आलं नाही, दीदी. ते तेरा दिवस मी रोज इथेच असायचो. मला कोणी विचारलंही नाही.’’

आतून आप्पांच्या खोकल्याचा आवाज आला.

भावाला काय हवं होतं, हे आम्ही एकमेकांना बरेच दिवस फोनवर सांगत राहिलो. मित्र म्हणे, त्यानेही लाइनवाला काढायचा विचार बोलून दाखवला होता. मी म्हणे, मग आमेरच्या तटावर तार कुठून जाईल ते बघायला तो का गेला? दोन्ही खरं असू शकत होतं. शेवटी मित्रानेच सुचवलं, ‘‘एक सामना खेळू. एका टोळीत लाइनवाला, दुसरीत नाही. लाइनवाल्याची टोळी जिंकली तर मी त्यांना नाही कळवतो आणि पुन्हा विषय काढत नाही.’’

‘‘आणि हरली तर?’’

‘‘तर तुम्ही मला अडवायचं नाही.’’

मी हो म्हटलं. आप्पांना सांगितलं नाही.

मे महिन्यात बनी पार्कमधली गेस्ट हाउसं रिकामी असतात. जेवणघरातली टेबलं जोडून त्यांवर कॉम्प्युटर मांडले होते. कूलर घरघरत होता आणि दाराच्या फटीतून लूचा तापलेला वारा आत येत होता. मित्राचे चुलतभाऊ होते, शहरातली ह्या खेळाची आवड असलेली काही मुलं-मुली होती. पाच-पाच जणांच्या टोळ्या झाल्या. लाइनवाला कोण होणार म्हटल्यावर सगळे आपापल्या स्क्रीनकडे बघू लागले.

‘‘मी होते,’’ मी म्हटलं.

मित्र समोरच्या टोळीत होता. त्याने मान वर करून पाहिलं. ‘‘दीदी, तुम्हाला गोळी चालवता येत नाही.’’

‘‘लाइनवाल्याला कुठे चालवायची असते?’’

खेळातला किल्ला भावाने रचलेला. खाली टाकं, मधे पायऱ्या, वर तट आणि तटावर निशाण. ज्या टोळीचं निशाण शेवटी वर राहील ती जिंकली, आणि इथे मेलेल्याला पुन्हा उठता येत नव्हतं. सामना सुरू झाला आणि माझे चौघं पायऱ्यांवरून दिसेनासे झाले. मी रीळ पाठीवर घेऊन तार सोडत निघाले. तार फार हळू सुटते.

‘‘दीदी, कुछ दिख नहीं रहा!’’

‘‘येते आहे.’’

‘‘दीदी तार बिछा रही हैं या स्वेटर बुन रही हैं?’’ पलीकडच्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. माऊसवरचा हात मी साडीला पुसत होते.

तार तटापर्यंत पोचली. माझ्या चौघांच्या नकाशावर ठिपके उमटले आणि आमच्या बाजूचा आरडाओरडा एकदम थांबला. मग फक्त लहान लहान शब्द. डावीकडे. थांब. आता. चौघं एका माणसासारखे सरकत होते. समोरचे मात्र एकमेकांना हाका मारत होते आणि चुकत होते. आमचं निशाण वर चढलं. मित्राने ओठ घट्ट मिटले होते. मला वाटलं, जमतंय. मला असंही वाटलं की हे बघायला तो हवा होता, आणि तो विचार मी ताबडतोब बाजूला सारला, कारण स्क्रीनवरून नजर हलवून चालणार नव्हतं.

तेवढ्यात नकाशा विझला.

‘‘तार कट गया!’’ माझ्या शेजारची मुलगी ओरडली. मी तार हातात धरली आणि तटावरून मागे निघाले. पायऱ्या, वळण, पुन्हा पायऱ्या. वरून गोळ्यांचे आवाज येत होते. कोण कोणावर झाडतंय ते कळत नव्हतं. ‘‘दीदी, छोड़ो तार, ऊपर आओ!’’ वर गेले असते तर एक बंदूक वाढली असती. मी गेले नाही. टोक सापडलं, ते खुंटीला बांधलं आणि दुसरं शोधायला टाक्याकडे उतरले. शेजारच्या मुलीने हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले. मग तिच्या पलीकडच्या मुलाने. मी बघितलं नाही. दुसरं टोक पाण्याच्या कडेला होतं. ते ओढत मी वर आणलं, खुंटीपाशी पोचले, दोन्ही टोकं पिळून जोडली.

नकाशा उजळला. त्यावर एकच ठिपका होता. माझा.

निशाण त्यांनी खाली ओढलं तेव्हा मी तिथेच, त्या खुंटीपाशी उभी होते. स्वेटरचं म्हणाला होता त्यानेच उठून कूलरमध्ये पाणी घातलं.

मित्र माझ्यापाशी आला. ‘‘तुम्ही बरोबर जोडली,’’ तो म्हणाला.

‘‘काढून टाक,’’ मी म्हटलं.

त्याने त्याच आठवड्यात काढून बघितला. मग दुर्गापुऱ्याला आला, लॅपटॉप उघडला आणि मला दाखवलं. लाइनवाला काढला की खेळ सुरूच होत नव्हता. काळी स्क्रीन, तिच्यावर चुकांची रांग. भावाने सगळ्यांत आधी लाइनवाला लिहिला होता आणि बाकीचे पाचही त्याच्यातूनच काढले होते. डॉक्टरचं चालणं, टेहळ्याचं ऐकणं, नेमबाजाची नजर, सगळं त्याच्या आधाराने. तो गेला की कोणालाच उभं राहता येत नव्हतं.

‘‘तुला माहीत नव्हतं?’’

‘‘तो भाग त्याचा होता. मी चित्रं करायचो, आवाज करायचो.’’ त्याने डोळे चोळले. ‘‘पाचही नव्याने लिहावे लागतील. महिने लागतील. ते लोक तेवढं थांबणार नाहीत.’’

‘‘मग?’’

‘‘निवडायच्या पानावरून त्याचं चित्र काढून टाकतो. आत राहील. कोणाला घेता येणार नाही. ठिपके सगळ्यांना सुरुवातीपासून दिसतील.’’ तो माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘‘तुम्ही नाही म्हणालात तर नाही करणार. सामना गेला खड्ड्यात.’’

मी हो म्हटलं. नाही म्हणायची इच्छा होती, पण तो रिकामा सर्व्हर मी त्या आठवड्यात एकदा उघडून पाहिला होता. किल्ल्यावर ऊन होतं आणि कोणीही नव्हतं.

आप्पांना मी चहाच्या वेळी सांगितलं. सामन्याचंही सांगितलं.

‘‘कुणाला नको होता?’’ शेवटी ते म्हणाले.

‘‘खेळणाऱ्यांना. वेळ लागतो म्हणाले.’’

‘‘लागतोच,’’ आप्पा म्हणाले, आणि बशीत चहा ओतला.

मंडळाने खेळ यादीत घेतला. आता तिथे रोज माणसं असतात, बहुतेक परदेशातली. मित्र महिन्यातून एखाद्या रविवारी येतो, आप्पांशी बोलत बसतो, खेळाचं फारसं काढत नाही. खेळात पाच क्लास निवडता येतात. त्यांची माहिती मी लिहिलेली आहे. सहावा आत आहे, आणि तो निवडता येत नाही.