ठकूबाईची विहीर

"भाऊसाहेब, कॉम्प्युटरमधी आमचं घराणं सापडलं," म्हणत अप्पांनी एक प्रिंटआउट माझ्यापुढं ठेवला. मंचरच्या सायबर कॅफेतून आणलेला. त्यावर एकच ओळ होती : 'मौजे डिंगोरे, पाटील, विहिरीबाबत निवाडा.'

अप्पा डिंगोऱ्याचे जुने बागायतदार. घराण्याचा इतिहास छापायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. गावची मोठी विहीर त्यांचे पूर्वज कृष्णाजी पाटील यांनी बांधली, यावर एक अख्खं प्रकरण लिहूनही झालं होतं. पुरावा तेवढा राहिला होता. मी घोडेगावच्या कचेरीतल्या रेकॉर्ड रूममधून नुकताच रिटायर झालेला, मोडी वाचणारा. म्हणून माझ्याकडं आले.

"आता छापायला टाकतो. सरकारदरबारी नोंद हाय म्हणल्यावर काय राहिलं?"

"अप्पा, हा कॅटलॉग आहे. म्हणजे दप्तरखान्यातल्या कागदांची यादी. कागदात काय लिहिलंय ते यात नसतं. आणि निवाडा भांडणाचा असतो, कौतुकाचा नसतो."

"आमच्या घराण्यात भांडणं न्हाईत," अप्पा म्हणाले. धाकट्या भावाशी त्यांचं सात वर्षं बोलणं बंद होतं.

मी पुण्याला गेलो. दप्तरखान्यात फॉर्म भरला, यादीतला नंबर लिहिला. तिथं जुने कागद कापडात बांधून ठेवतात, त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. रुमाल सुटला, कागद निघाला, नकलेसाठी अर्ज केला. नक्कल हातात आल्यावर डिंगोऱ्याला गेलो.

ओसरीवर अप्पा लोडाला टेकून बसले. पलीकडं त्यांच्या थोरल्या वहिनी शेंगा फोडत होत्या. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली बाई. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण शेंगा तिथंच फोडायच्या होत्या.

मी वाचलं. विहीर बांधली ठकूबाईनं, कृष्णाजीच्या विधवा भावजयीनं, अंगावरचे दागिने मोडून. कृष्णाजीनं दगडावर आपलं नाव कोरलं आणि तिलाच पाणी बंद केलं. तिनं फिर्याद केली. हुकूम झाला : पाटलाचं नाव काढावं, बाईचं घालावं.

ओसरीवर शेंगांचा आवाज थांबला.

"परत वाचा," अप्पा म्हणाले.

परत वाचलं. मजकूर तोच निघाला.

"मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नसतं म्हणं. चूक व्हत आसंल."

"होते ना. ठकूची ठकु होते. कृष्णाजी होत नाही."

अप्पांनी आवाज उतरवला. "आसं करा, 'विहिरीचा निवाडा झाला' येवढंच लिहून द्या."

"देवनागरी उताऱ्याखाली माझी सही असते, अप्पा. देईन तर सगळं देईन."

वहिनींनी विचारलं, "तुमच्या वंशावळीत ही कुठं हाय?"

"वंशावळीत बायका नसत्यात, वहिनी."

"मंग तुमी समदे झाडाला लागला व्हय?" वहिनींनी सूप बाजूला सारलं. "तिचं नाव घाला. न्हाईतर पुस्तकाच्या समारंभात भाऊसाहेबांना म्या वाचाया लावीन. लई माणूस येणार हाय म्हणं."

अप्पांनी नक्कल उचलून लोडाखाली सरकवली.

पुस्तक आलं. रंगीत कव्हर, आत अप्पांचे चार फोटो. विहिरीचं प्रकरण आटून दोन वाक्यांवर आलं होतं : 'कृष्णाजी पाटील अत्यंत न्यायप्रिय होते. त्यांच्या काळात गावची विहीर ठकूबाईंनी बांधली.'

तेव्हापासून वंशावळ घेऊन येणाऱ्याला मी दोनच गोष्टी सांगतो. यादीतली ओळ पाहून प्रेसमध्ये जाऊ नका. आणि कागद वाचून घ्यायचा तर घरातल्या बायका ऐकत असताना घ्या, म्हणजे तो पूर्ण वाचला जातो.