पडदे ओढा, समुद्र आला!

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. माणसे जमली की ते आपोआप साचतात, आणि घरच्यांनी "पुन्हा तेच सांगू नका" असे कितीही बजावले तरी जागचे हलत नाहीत. हैदराबादच्या हिमायतनगरातील आमच्या मराठी वाचनमंडळापाशी असा साठा विपुल आहे. मी मंडळाचा अध्यक्ष. शाळा सातवीपर्यंत; पुढचे सर्व शिक्षण अफझलगंजच्या ग्रंथालयात, स्वतःच्या बळावर. हे मी अभिमानाने सांगतो, कारण मंडळाचा मुख्य नियमही माझाच आहे: कोणतेही स्थळ पाहण्यापूर्वी त्याविषयीचा मजकूर तेथेच उभे राहून, स्थळाकडे पाठ करून, मोठ्याने वाचायचा. आधी वाचन, मग दर्शन. या शिस्तीने आम्ही गोवळकोंडा पाहिला, बिदर पाहिले, आणि यंदा विशाखापट्टणमला गेलो.

या सहलीचे निमित्त किसनराव. मूळचे देगलूरकडील शेतकरी, नंतर हैदराबादेत धान्याचे दुकान. आमच्यातील सर्वांत चोखंदळ वाचक. वय ऐंशीला टेकले, तरी समुद्र पाहिलेला नाही. काचबिंदूने एक डोळा गेला आणि दुसरा विझत चालला आहे. "दिसतंय तवर समुद्र बघायचा हाय," एवढेच ते बैठकीत म्हणाले. ठराव एकमताने संमत झाला, आणि समुद्राचे वाचन अर्थातच त्यांच्याकडे सोपवण्यात आले.

*

स्टेशनवरून आम्ही मिनीबसने निघालो. चालक अप्पाराव मोठा उत्साही. तो आनंदाने ओरडला, "सर, अब्बी टर्निंग के बाद समुंदर आता!"

वाचन तर व्हायचे होते! मी तत्काळ आज्ञा केली, "पडदे ओढा!"

सर्वांनी पडदे ओढले. किसनरावांनी खबरदारी म्हणून डोळेही मिटून घेतले. अप्पाराव बराच वेळ आरशातून आमच्याकडे पाहत राहिला. शेवटी त्याने विचारले, "हैदराबाद से सब लोग समुंदर देखने आता सर. आप लोग समुंदर से छुपने आया क्या?"

*

वाचन त्याच सायंकाळी ठरले होते. परंतु वादळी वाऱ्याच्या इशाऱ्यामुळे पोलिसांनी किनारा बंद केला आणि आम्हांला अर्ध्या वाटेवरूनच परतावे लागले. जेवताना किसनरावांच्या पत्नी विमलबाई माझ्यावर कडाडल्या.

"अध्यक्ष, सकाळी एक पडदा सरकवला असता तर तुमचं काय जात होतं? उद्या यांना दिसलंच नाही तर? त्यांच्या डोळ्याला तुमचा नियम कळतो का?"

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात किसनराव वरणभात कालवत म्हणाले, "अगं, नियम त्यांचा न्हाई, मंडळाचा हाय. वाचल्याबिगर मी बघणार न्हाई. वाढ जरा."

*

दुसऱ्या दिवशी बोर्रा गुंफा. गुंफेकडे पाठ करून आम्ही रांगेत उभे राहिलो. अनुजा ही आमची सर्वांत तरुण सदस्य. पुण्याची, आयटीत नोकरी, वाचन मात्र खणखणीत. चुनखडीतून खांब कसे घडतात, याचा उतारा तिने वाचायला घेतला. थोड्या वेळाने पाहतो तो काय, बंगाली प्रवाशांचा एक मोठा गटही आमच्या शेजारी गुंफेकडे पाठ करून अदबीने उभा! वाचन संपताच त्यांनी टाळ्या वाजवल्या. माझा ऊर अभिमानाने भरून आला.

त्यांच्यातील एक वयस्कर गृहस्थ पुढे येऊन अनुजाला म्हणाले, "बहुत अच्छा गाइड है आप. अब हिंदी में कब बोलेगा?"

*

अराकूला कॉफी मागवली. कॉफीच्या लागवडीवरील उतारा मीच निवडला होता आणि तो त्रोटक नव्हता, हे मान्य केले पाहिजे. वाचन संपेपर्यंत पेल्यांवर साय धरली.

अनुजा म्हणाली, "अध्यक्ष, हिचं आता कोल्ड कॉफीत रूपांतर झालं!"

मी शांतपणे उत्तरलो, "असेल. परंतु या हॉटेलात समजून प्यालेली एवढीच."

*

तिसऱ्या दिवशी सिंहाचलमला गेलो. तेथील देव वर्षभर चंदनाच्या लेपाखाली असतो. मूळ रूपाचे दर्शन वर्षातून एकदाच घडते. ही माहिती वाचली जाताच किसनरावांना हुरूप आला.

"बघ विमल! देवसुद्धा लगेच दिसत न्हाई. लोक वर्षभर वाट बघतात. मी तर दोन दिसच थांबलो."

विमलबाई म्हणाल्या, "लोकांचे डोळे कुठं पळून चाललेत?"



*

त्याच दिवशी दुपारनंतर आभाळ निवळले आणि आम्ही भीमिलीच्या किनाऱ्यावर पोहोचलो. डोळे मिटलेल्या किसनरावांना विमलबाईंनी हाताला धरून वाळूत आणले आणि समुद्राकडे पाठ करून उभे केले. मागे लाटांचा आवाज चालू होता.

किसनरावांनी मी निवडलेल्या मजकुराची पाने खिशातून काढली, डोळे उघडले, पाने जवळ नेली, लांब धरली, उन्हाकडे वळवली. अक्षर लागेना. मी मदतीसाठी पुढे झालो.

"अध्यक्ष, जागेवर थांबा," ते म्हणाले, आणि हातातील पाने तशीच धरून त्यांनी संपूर्ण उतारा तोंडपाठ म्हटला. एक शब्द इकडचा तिकडे नाही! नियमावरून माझ्याशी भांडणाऱ्या विमलबाईंचे ओठही त्यांच्याबरोबर हलत होते, तेव्हा मला उमगले की दिलसुखनगरच्या त्यांच्या घरी हा पाठ कोणी करून घेतला असेल.

मध्येच एक लाट आमच्या पायांवरून गेली. चपला भिजल्या. परंतु माझ्या मंडळातील एकाही सदस्याने मान वळवली नाही. असे वाचक मी या शहरात घडवले आहेत!

उतारा संपला. किसनरावांनी पानांची घडी करून ती खिशात ठेवली आणि ते वळले.

 विमलबाईंनी त्यांची बाही घट्ट धरली होती.

"दिसतो का हो?" त्यांनी हळूच विचारले.

किसनरावांनी डावीकडून उजवीकडे सावकाश मान फिरवली. पुन्हा उजवीकडून डावीकडे फिरवली. मग ते माझ्याकडे वळले, आणि आजवर कोणत्याही सदस्याने माझ्याशी काढला नव्हता अशा चढ्या आवाजात म्हणाले,

"अध्यक्ष, एवढा मोठा हाय हा, अन् तुम्ही दोनच पानं काढली?"