ओतिलियाचं मोकळं पाणी

येरिमान गावात दिवसाचा पहिला आवाज कोंबड्याचा नसायचा, ओतिलियाच्या बांबूचा असायचा. नीट उजाडायच्या आत ती होडीत उभी राहायची, लांब बांबूने पाण्यावरचा पाला पुढ्यात ओढायची, कवळभर उचलायची आणि काठावर फेकायची. थप्प. परत ओढायची. थप्प. मिशनच्या दवाखान्याची पडवी तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होती, त्यामुळे मी तिथे नर्स होते ती सगळी वर्षं माझी सकाळची प्रार्थना त्या थपथपीतच व्हायची.

तेव्हा देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि आमचं कामिराम तळं पाल्याखाली गेलं होतं. नेच्याच्या जातीचा, तरंगणारा पाला. नखाएवढी पानं, वर मखमलीसारखी लव. पुराच्या पाण्याबरोबर सेपिक नदीतून पहिल्यांदा आला तेव्हा पोरींनी तो कौतुकाने केसांत माळला होता. दुसऱ्या वर्षी होड्या अडायला लागल्या. चौथ्या वर्षी हातभर जाडीची गादी झाली. पाणकोंबड्या तिच्यावरून चालत जायच्या आणि खालचं पाणी काळं, कुजकं. मासे मेले, नाहीतर नदीकडे गेले. माणसंही गेली. निम्मी घरं वेवाकला, शहराच्या कडेला जाऊन राहिली. ओतिलियाचा मुलगा तिथे बंदरावर ओझी उचलायचा. आईला बोलवायचा. ती म्हणायची, "तिथे येऊन मी काय धरू? नळ?"

आमच्याकडे मासे धरणं हे बायकांचं काम. पुरुष होड्या कोरतात, मुखवटे कोरतात, पुरुषघरात बसून वाद घालतात. पाणी मात्र बायकांचं. कुठला कोपरा कोणाचा हे सासूकडून सुनेकडे येतं. ओतिलियाला सासूकडून मिळालेला कोपरा जमिनीच्या दोन जिभांच्या मध्ये होता. तिथे वारा शिरत नसे. तिने त्याच्या तोंडावर बांबू बांधून आडवा अडसर केला होता. रोज त्यातूनही पाला सरकत आत यायचा आणि रोज ती तो उपसायची. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, गुडघे दुखत होते, हाताच्या चामडीला कायम हिरवट वास. पण सगळ्या तळ्यात चर्चएवढं मोकळं पाणी होतं ते तिच्याकडे. तिथे जाळं टाकलं की सात-आठ मासे मिळायचे. चार-पाच ती धुरावून ठेवायची आणि दर आठवड्याला काठाकाठाने होडी ढकलत पारिमला न्यायची.

पारिम म्हणजे डोंगराच्या पायथ्याची मोकळी जागा. डोंगरातल्या बायका तिथे साबूच्या झाडाचं पीठ घेऊन उतरतात आणि आम्ही तळ्याकडच्या बायका मासे घेऊन जातो. एका माशाला एक गोळा. यात पैसा नाही. तो दिला तर समोरची रागावते. प्रत्येकीची जोडीदारीण ठरलेली. ओतिलियाची नागुम. नागुमची आई आणि ओतिलियाची सासू यांच्यापासूनची ती जोडी होती.

"हे काय गं, मासा आणलास की माशाचं पोर?" नागुम म्हणायची.

"तुझ्या साबूत निम्मं पाणीच आहे. त्यात पोहून होईल मोठं."

सुपारी-चुना व्हायचा, नावं ठेवून व्हायची, आणि दोघी आपापल्या वाटेने जायच्या. पण आता पारिमला ओतिलियाच्या बाजूला बसणारी तळ्याची बाई उरली नव्हती. डोंगरातल्या काही बायका नदीवरून येणाऱ्या व्यापाऱ्याच्या लाँचवरून डब्यातले मासे घ्यायला लागल्या होत्या. "उद्या तूही आली नाहीस ना," नागुम एकदा म्हणाली होती, "तर मी कोणासाठी खाली उतरू? माझे गुडघे काही तुझ्यापेक्षा बरे नाहीत." ओतिलियाने ते मला तीनदा सांगितलं होतं.

अशात शेतकी खात्याचा कोसमास आला. सिंबूच्या उंच डोंगरातला, टक्कल पडलेला, चार मुलींचा बाप. पाण्याला इतका भ्यायचा की होडीच्या दोन्ही कडा घट्ट धरून बसायचा.

"साहेब, सोडा तिला, ती कुठे पळून जात नाही," बायका ओरडायच्या.

त्याने पुरुषघरासमोर एक ओलं पोतं उघडलं. आत पाला.

"आमच्याकडे कमी पडला म्हणून आणलात का?" ओतिलियाने विचारलं, आणि सगळं गाव हसलं.

कोसमासने पाल्यातून काहीतरी टिपून नखावर घेतलं. तांदळाला सोंडे लागतात ना, तसा काळा, त्याहून बारीक किडा. हा याच पाल्याचा कोंब खातो, याच्या अळ्या देठ पोखरतात, आणि दुसऱ्या कशालाच तोंड लावत नाही, असं त्याने सांगितलं.

म्हातारा सुबुर पुढे सरकला. तळ्यातल्या प्रत्येक जिवाचं खरं नाव आमच्याकडे कुठल्या ना कुठल्या कुळाकडे असतं. ज्याच्याकडे नाव, त्याचं तो ऐकतो. पाल्याचं नाव कोणाकडेच नव्हतं, म्हणून चार वर्षं त्याला कोणी हाकलू शकलं नाही, असं सुबुरचं म्हणणं.

"ह्या किड्याचं नाव कोणाकडे आहे?"

"ते मला माहीत नाही, आजोबा. पण किडा आणि पाला एकाच गावचे, समुद्रापलीकडचे. तिथे हा त्याच्याकडेच खाऊन-पिऊन असतो."

"म्हणजे मेहुणा," सुबुर म्हणाला. "मग संपवेल तो."

चर्चमागच्या दलदलीत पोतं रिकामं केलं. सहा महिने तिथल्या पाल्याला कोणी हात लावायचा नाही, असं ठरलं. फादरांनी रविवारी प्रार्थना केली, त्यात किड्यांसाठीही दोन शब्द होते. माझ्या शेजारी बसलेली ओतिलिया पुटपुटली, "देवाला आता किडेपण सांभाळायला लावा."

चार महिन्यांनी कोसमास परत आला. दलदलीत कमरेपर्यंत उतरला, पाला उलटासुलटा केला. किडा नाही, पोखरलेला देठ नाही. पिवळट, जिवंत पाला, पहिल्यासारखाच. तो माझ्या पडवीत येऊन बसला. एकच पोतं उरलंय, म्हणाला. तेही फुकट गेलं तर खातं हे काम बंद करणार.

त्या संध्याकाळी ओतिलिया दवाखान्यात आली. काही दुखतंय का विचारलं तर नाही म्हणाली. औषधांच्या कपाटाकडे बघत उभी राहिली.

"सिस्टर, चर्चमागे मी गेले होते. महिना झाला असेल. केवड्याची पानं आणायला."

"मग?"

"तिथे पाला तांबडा पडला होता. दोन होड्यांएवढी जागा. कुजलेला, वास मारत होता. मी म्हटलं, मेलेलं पाण्यात कशाला ठेवायचं? ओढून काढला. दोन दिवस लागले. लांब उन्हात टाकला." तिने हात पदराला पुसावेत तसे झग्याला पुसले. "हिरव्याला हात लावू नका म्हणाले होते ना? तो तर मेला होता."

चार वर्षं ज्या हातांनी पाला उपसला त्या हातांना कुजका पाला दिसला. ते आणखी काय करणार?

"आता हे मी तुझ्याकडे सांगितलं. झालं ना?" तिने विचारलं.

"मी काही कबुली ऐकणारे फादर नाही. आणि फादरांनाही नको. ज्याचं नुकसान झालं त्याला सांग."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तिने सांगितलं. खाली बघून, भराभर. कोणीतरी मागून म्हणालं, "हिची सफाई आम्हाला नडली." कोसमास ताडकन उठला. मला वाटलं आता हा ओरडणार.

"तांबडा? आई, नीट सांगा. तांबडा कडेने होता की मधोमध?"

"मधोमध. कडेला हिरवा. वाटी पालथी घातल्यासारखा गोल."

"देठ हातात तुटत होते?"

"पिठासारखे."

त्या माणसाने दोन्ही हात टकलावर ठेवले आणि हसायलाच लागला. "अहो, मग ते जगले होते! वाढले होते! मला वाटलं इथलं पाणीच त्यांना मानवत नाही." सगळी त्याच्याकडे बघत राहिली. ओतिलियाही.

मग तो खाली बसला आणि पुढचं बोलला. हे पोतं उघड्यावर टाकून चालणार नाही. वाऱ्याने पाला सरकतो, किडे विखुरतात. वारा न शिरणारी, अडसर घातलेली जागा पाहिजे. आत पाला दाट वाढू द्यायचा, वरून युरिया घालायचा. उपाशी पाल्यावर किडा जोर धरत नाही.

"तणाला खत?" सुबुरच्या सुनेने विचारलं. "वेवाकला हेच शिकवतात का?"

कोणी हसलं नाही. कारण तशी जागा तळ्यावर एकच होती, आणि ती कोणाची हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोसमासने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मागायची त्याची हिंमत नव्हती.

ओतिलिया म्हणाली, "मला आधी पारिमला जाऊन येऊ दे."

मी तिच्याबरोबर गेले. अर्धा दिवस लागला. तिने नागुमसमोर पाच मासे मांडले, पाच गोळे घेतले, आणि सांगितलं की आता काही महिने येणं होणार नाही. पाणी किड्यांना देतेय.

नागुमने सुपारी थुंकली. "किड्यांना? मी ऐकलंय ते. चार वर्षं तू ते पाणी हातांनी धरून ठेवलंस आणि आता टक्कल पडलेल्या माणसाच्या शब्दावर सोडतेस?"

"सोडतेय."

"आणि नाहीच उघडलं तर?"

ओतिलिया गोळे पानात बांधायला लागली. नागुमने टोपली उचलली आणि मागे न बघता चढण चढायला लागली.

अडसर उघडून पाला आत येऊ दिला आणि बाराव्या दिवशी तिचं पाणी दिसेनासं झालं. अडसर परत बांधून त्या पाल्यात दुसरं पोतं रिकामं केलं. दर पंधरा दिवसांनी ओतिलिया स्वतः होडीतून युरिया फेकायची, तांदूळ वेचावेत तशी चिमटीचिमटीने, तोंड फिरवून. पाला काळा-हिरवा, गुबगुबीत झाला. सकाळची थपथप थांबली. मला प्रार्थनेत चुकल्यासारखं व्हायचं. ती काठावर जाळं विणत बसायची. हात लावायचा नाही म्हणून हातांना काम. घरात केळी, डब्यातले मासे, शेजारणीने दिलेलं काय असेल ते. साबू संपला तेव्हा तिने मला सांगितलं नाही. मला ते तिच्या चुलीवरून कळलं. मी पाव किलो तांदूळ नेऊन दिले तर म्हणाली, "सोंडे निवडलेस ना? नाहीतर मी तेही पाण्यात सोडेन."

तिसऱ्या महिन्यात तिने मला हाक मारली. ओरडून नाही, हळूच, झोपलेलं मूल उठेल अशी. पाल्यात मधोमध पालथ्या वाटीएवढा तांबडा डाग होता. तिचा हात त्याच्याकडे गेला, आणि तिने तो स्वतःच्या दुसऱ्या हाताने धरला. खरंच धरला, मनगटापाशी.

डागाचं ताट झालं, ताटाची चटई झाली. पाचव्या महिन्यात पाला स्वतःच्या वजनाने खाली बसायला लागला. कोसमासने पोती आणली. तिच्या कोपऱ्यातला किडका पाला भरून गावातल्या सगळ्या होड्या तळ्यावर निघाल्या. पुरुषघरातले पुरुषही वाद सोडून वल्हवत होते. शेजारच्या तीन गावांनी येऊन पोती नेली. चर्चमागे, नदीच्या तोंडाशी, सगळीकडे वाट्या उमटायला लागल्या. पुढच्या पावसाळ्याच्या आत येरिमानहून पारिमपर्यंत पाणी उघडं झालं. लखलखीत. मी दारात उभी राहून देवाचं नाव घेतलं.

ओतिलिया मला घेऊन पारिमला निघाली तेव्हा तिच्याकडे तीन मासे होते, तेही बोटाएवढे. नागुम असेल की नाही, तिला माहीत नव्हतं. होती. नेहमीच्याच दगडाशी. तिच्या शेजारच्या बाईनेच आम्हाला सांगितलं, की ही दर बाजाराला एक गोळा पानात बांधून बाजूला ठेवते, कोणी मागितला तर दिलेला आहे म्हणते, आणि परत वर घेऊन जाते.

"हिचं काही ऐकू नका," नागुम म्हणाली. तिने माशांकडे बघितलं. "हे तर माशाच्या पोराचं पोर."

"उपाशी होते बिचारे," ओतिलिया म्हणाली. "पाणी येऊन बघ हवं तर."

आणि नागुम खरंच आली. डोंगरातली बाई होडीत बसून आमच्या गावात, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. सगळं मोकळं पाणी बघून झालं. मग तिला ओतिलियाच्या कोपऱ्यात, बांबूच्या रिंगणात राखलेला हिरवा पाला दिसला. चार चटयांएवढा. पाला पूर्ण संपला तर किडाही संपतो, आणि पाला नदीतून परत येतोच, म्हणून कोसमासने तेवढा ठेवायला सांगितला होता. युरिया अजून ओतिलियाच घालत होती.

"एवढा तुझ्याच्याने निघाला नाही होय? म्हातारी झालीस," नागुम म्हणाली आणि वाकून पाल्यात हात घालायला गेली.

ओतिलियाने वल्हं पाण्यावर आपटलं. "हात काढ! मेहुणे जेवायला बसलेत."