अंगठ्याचा नंबर शेवटचा

बीटी कपाशीची बोंडं अळीनं पोखरली, त्या वर्षी भरपाईच्या अर्जासाठी मी तालुक्याच्या एका कचेरीत तीन दिवस रांगेत उभी होते. अंगठा मशीनवर ठेवला की पडद्यावर चकरी फिरत राहायची आणि कारकून म्हणायचा, "तुमचा अंगठाच घासला, आजी."

शेवटच्या दिवशी नेटवाला आला. भिंतीवरच्या नेटच्या डब्याला लॅपटॉप जोडून म्हणाला, "अंगठा चांगला हाये. या स्विचमधी आतल्या साहेबाच्या व्हिडिओ मीटिंगले पहिला नंबर हाये, अंगठ्याच्या मशीनले शेवटचा. त्याहिचं चालू असलं का तुमचं थांबते."

"कोनं लावला बे नंबर?"

"साहेबानं सांगतलं, मी लावला."

"मंग तूच बदल. अर्ज आज बंद होते."

तो आतल्या दाराकडे पाहू लागला. मी त्याच्या पिशवीवर पाय ठेवून उभी राहिले. दोन मिनिटांत त्यानं क्रम उलटा केला. माझा अंगठा लगेच लागला, मागच्या बायांचेही लागले. साहेब ओरडत बाहेर आले, "नेट का अडकलं?"

"रांगेत हाये," मी म्हटलं. "बसा."

तीन दिवस मी माझ्याच अंगठ्याला शिव्या दिल्या. त्या शिव्या द्यायला लावल्याचा राग अजून गेला नाही.