साक्रीला पोचेपर्यंत बॅटरी पुरली पाहिजे

मी सांगते, नात लिहिते; अक्षरांशी माझी कधी ओळख झाली नाही. मध्येच शहाणपण दिसलं तर ते तिचं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. वैशाली, म्हणजे हीच टाईप करणारी, जळगावच्या एका कंपनीत कच्च्या नोकरीवर होती. साक्रीजवळच्या खेड्यातल्या दूध सोसायटीला लॅपटॉपवर दुधाचा हिशोब करून दाखवायचा. त्यांना पटला तर नोकरी पक्की, नाहीतर घरी. तिचा बाप, म्हणजे माझा लेक, म्हणाला, "एकटी पोर एवढ्या लांब? नाही." मी म्हटलं, "मी जाते सोबत." माझे पाय तसेही घरात ठरत नाहीत.

मुक्ताईनगरला तेव्हा आम्ही एदलाबादच म्हणायचो. तिथून पहाटेची एसटी, जळगावला गाडी बदलायची. म्हातारीला तिकीट अर्धं, पण खिडकी मिळवायला ताकद पूर्ण लागते. जळगावच्या स्टँडवर बाकड्यावर बसून वैशाली लॅपटॉपशी खुटखुट करायला लागली.

"आजी, आत एक तबकडी गरगर फिरते. काम नसलं की मिनिटभरात थांबायला सांगितलंय तिला. तेवढीच बॅटरी वाचेल. गावात लाइट असेलच असं नाही."

"वाचवायची म्हणून किती खर्च करशील?" मी म्हटलं आणि कान लावला. तबकडी थांबली. वैशालीने बोट लावलं, तबकडी पुन्हा कण्हत उठली. थांबली, उठली. "ही तर तुझ्या आजोबांसारखी. झोपते कमी, उठते जास्त, आणि उठताना केवढा आव!"

वैशाली हसली. दर वेळी उठायलाच जास्त वीज लागते, हे तिच्या ध्यानात आलं. तिने तबकडी थांबायची वेळ वाढवली आणि सगळं बंद करून टाकलं. वर बजावलं, "लिहिलेलं आधी वरवर राहतं, तबकडी फिरली की आत मुरतं."

एरंडोल-पारोळ्याकडे रस्ता असा, की पोटातली भाकरी पुन्हा थापली जावी. आता रुंद झालाय म्हणतात. तरी डब्यात भरीत असू द्या. धुळ्याच्या स्टँडबाहेर झणझणीत शेवभाजी खाल्ली आणि साक्रीची गाडी धरली.

सोसायटीत लाइट नव्हतीच. वैशालीने लॅपटॉप चालू केला, तोच चेअरमन नाना म्हणाले, "थांब बेटा, पहिले पूजा."

नव्या वस्तूची पूजा हवीच, मलाही मान्य. पण ट्रॅक्टर पूजेच्या वेळी बंद असतो! इथे हार घातला, नारळ फुटला, प्रत्येकाने कुंकवाचं बोट बटणांवरच टेकवलं. झोपू पाहणारी तबकडी दर बोटाला दचकून जागी. मग नानांचं भाषण. बॅटरी उतरतेय हे वैशालीच्या तोंडावर दिसत होतं, पण मोठ्या माणसांना अडवणार कशी?

मी उठले. "नाना, नैवेद्य दाखवला की देवाला जेवू देतात. समोर उभं राहून भाषण नाही करत."

सगळे हसले, नाना सगळ्यात जास्त. काम सुरू झालं. कुणाचं किती दूध, किती फॅट, वैशाली भराभर घालत गेली. "मनं नाव दखाड," म्हणून म्हातारे आपलं नाव बघायला वाकले, आणि पडदा काळा झाला.

"मरी गयं!" नाना म्हणाले. "बठ्ठं गयं का?"

सगळं गेलं, असं वैशालीलाही वाटलं. मी तिला जवळ ओढलं. "काळं व्हायच्या आधी तबकडी फिरली होती. ऐकलंय मी."

"नक्की?"

"मला वाचता येत नाही, ऐकू येतं."

ती वळली. "नाना, लाइट येऊ द्या. बठ्ठं आतच शे."

मग वाट बघणं. मला बसवेना. मी गोठा पाहून आले, तीन घरांच्या चटण्या चाखून प्रत्येकीत खोड काढली. उन्हं कलली तेव्हा कुणी ओरडलं, "लाइट उनी!"

वायर लागली. लॅपटॉपने उठायला युग लावलं. मग नावं आली, एकही कमी नाही. नानांनी स्वतःचं नाव मोठ्याने वाचलं, मग बायकोला हाक मारून पुन्हा वाचलं.

नोकरी पक्की झाली. घरी आल्यावर लेक म्हणाला, "आई, आता हरकत नाही. जाऊ दे तिला एकटी."

पुढच्या आठवड्यात वैशाली नरडाण्याच्या सोसायटीला हिशोब दाखवायला निघाली. मी लुगडं बदलून, पिशवी भरून तयार होते. तिने पायाला हात लावला, "येते आजी," म्हणाली, आणि मी "ये" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? सोबत जाऊन मिळवलं होतं ते हेच, तिचं एकटीने जाणं. पिशवीतली भाकरी दारातल्या ओट्यावर बसून खाल्ली. समोरून जळगावची पुढची गाडी गेली, खिडकीची जागा रिकामी होती.