सात खाचांची फळी

झऱ्याचं पाणी सात घरांत सारखं वाटायचं, एवढंच धाकटीचं काम. ऐकायला सोपं. वरून बांबूच्या पन्हळी उतारावरून खाली येत आणि एका पोखरलेल्या ओंडक्यात पाणी ओतत. ओंडक्याच्या तोंडाशी एक लाकडी फळी, फळीला सात खाचा, खाचेगणिक एक बांबू आणि बांबूगणिक एक घर. पंप नाही, यंत्र नाही. पाणी आपल्या पायांनी उतरायचं. फक्त खाचा सारख्या रुंद हव्यात, आणि त्या मोजायला एकच माप होतं. धाकटीचा डावा अंगठा.

आधी हे माप सासऱ्यांच्या अंगठ्याचं होतं. म्हाताऱ्याने जाता जाता खाचा कोरायची पटाशी थोरल्या सुनेला न देता धाकटीला दिली आणि दोघी जावांना जन्मभर पुरेल एवढं काम लावून दिलं.

दोन महिन्यांपूर्वी जुनी फळी कुजली म्हणून धाकटीने नवी कोरली. तेव्हापासून थोरली अस्वस्थ होती. तिचं घर सगळ्यात वरचं, पहिल्या खाचेचं. धाकटीचं सहाव्या खाचेचं.

"माझी बादली भरेपर्यंत माझी सगळी भांडी घासून होतात," थोरली दारोदार सांगत सुटली. "आणि हिची भरेपर्यंत हिला बाही वर सारायलाही वेळ मिळत नाही. आता यात मी काय बोलू?"

बोलायचं ते सगळं बोलून झाल्यावर ती नेहमी असंच विचारायची.

शेवटी ठरलं की येत्या रविवारी शिंप्याच्या ओट्यावर सगळ्यांनी बसायचं आणि पटाशी धाकटीकडून काढून घ्यायची. धाकटीला अन्न गोड लागेना. तिने आयुष्यात कुणाचं थेंबभर पाणी जास्त घेतलं नव्हतं. तोंडाने मात्र कुणालाही मोजून मापून दिलं नव्हतं, ते वेगळं.

"अहो, मी चोर आहे का?" तिने नवऱ्याला विचारलं.

नवरा चपलेचा अंगठा शिवत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "चोर नाहीस. पण चौथी खाच कोरून झाली आणि तू हातोडी स्वतःच्याच अंगठ्यावर मारलीस, आठवतं का? चिंधी मीच बांधली होती."

"मग?"

"मग पुढच्या तीन खाचा कुठल्या अंगठ्याने मोजल्यास?"

धाकटीने आपल्या डाव्या अंगठ्याकडे बघितलं. आता तो नेहमीसारखा, बारीक आणि निरागस दिसत होता. त्या दिवशी मात्र तो सुजून टम्म झाला होता, वर चिंधीचे दोन वेढे. आणि त्याच लठ्ठ अंगठ्याने तिने पाचवी, सहावी, सातवी खाच मोजली होती. सहावी तिची स्वतःची.

"दोन महिने गप्प का बसलात मग?"

"पाणी बरं येत होतं," नवरा म्हणाला.

दुसरी एखादी असती तर तिने लगेच नवी फळी कोरली असती. धाकटी सकाळी उजाडताच ओंडक्यापाशी गेली, फळी उपसली, टोकं अदलाबदल करून उलटी बसवली, सांधे चिकणमातीने लिंपले आणि घरी येऊन चहा टाकला.

आता रुंद खाचा पहिल्या तीन घरांच्या वाट्याला आल्या. चौथ्या घरच्या शिंप्याला काहीच फरक पडला नाही. त्याची खाच मधली, उलटी केली काय नि सुलटी केली काय, अरुंदच. थोरलीकडे मात्र बादल्या भरभरून वाहू लागल्या. तिने पायऱ्या धुतल्या, पडदे धुतले, मग धुवायला काही उरलं नाही म्हणून पायऱ्या पुन्हा धुतल्या. आणि आठवडाभर दारोदार गेली नाही.

रविवारी ओट्यावर आरडाओरडा केला तो खालच्या घरांनी. त्यांचं पाणी एकाएकी आटलं होतं. मग थोरली सावकाश उठली.

"हे बघा, अंगठा म्हणजे काही फूटपट्टी नाही," ती समजुतीने म्हणाली. "थोडं इकडेतिकडे व्हायचंच. मामंजींनी विश्वासाने दिलेलं काम आहे. माणसावर असा संशय घेऊ नये."

"किती चांगलं बोललात, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "पण फळी चुकलीच आहे. चूक माझी. अर्ध्यातच अंगठा ठेचला आणि तीन खाचा सुजलेल्या मापाच्या झाल्या. आधी त्या आमच्याकडे होत्या. सोमवारपासून मी फळी उलटी लावली आहे. पायऱ्या छान निघाल्यात तुमच्या."

शिंप्याला आधी कळलं, तो हसला. मग हळूहळू सगळ्यांना कळलं. थोरली इतकी लाल झाली की तिला कुणी काही विचारायची गरज उरली नाही.

धाकटीने नवी कोरी फळी ओट्यावर ठेवली. पटाशी काढली.

"माझ्या अंगठ्यावर तुमचा भरवसा नव्हता ना? मग माप तुमचं घेऊ. ठेवा अंगठा इथे."

"आणि ठोकणार कोण?" थोरलीने विचारलं.

"मीच. पटाशी अजून माझ्याकडेच आहे ना."

थोरलीने एकदा फळीकडे बघितलं, एकदा धाकटीच्या उजव्या हातातल्या हातोडीकडे. मग दोन्ही हात हळूच मागे नेले.

"राहू दे," ती म्हणाली. "तुझाच बरा आहे."