राक्षसाचा डावा डोळा

चाळिशीला आले तरी मी राक्षस गोळा करते. व्हिडिओ गेममधले, प्लॅस्टिकचे, वीतभर उंचीचे, परदेशातून खोक्यात बसून येणारे. आईच्या मते हा लग्न न केल्याचा परिणाम आहे. माझ्या मते हा लग्न न केल्याचा फायदा आहे, कपाट माझं एकटीचं आहे. अशा हौशी लोकांचा आमचा एक ग्रुप आहे आणि नवीन राक्षस बाजारात आला की त्याचं परीक्षण मी लिहिते. रंगकाम कसं, सांधे कसे, उभा राहतो की कलंडतो. तिथं माझ्या शब्दाला वजन आहे. परीक्षण करायला मला कुणी शिकवलं हे मात्र ग्रुपला माहीत नाही. माझ्या वडिलांनी, आबांनी, म्हशींवर.

आम्ही कोल्हापूरच्या गवळी गल्लीतले. दिवाळी पाडव्याला गल्लीत म्हशी नटवून आणतात. शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरं, कपाळावर मोरपिसं. त्यातली पहिली कोणती हे ठरवायला तीन परीक्षक असतात, पण बाकीचे दोघं नुसती मान हलवायला. निकाल आबांचा. त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी हात न लावता एक चक्कर मारायची, मग खुरांपासून वर यायचं. डोळे सगळ्यात शेवटी. "डोळं आधी बघितलं की माणूस भुलतोय," असं ते म्हणायचे. मी राक्षससुद्धा तसेच बघते.

गेल्या पाडव्याला आबांनी पहिला नंबर दिला उचगावच्या साडूंच्या म्हशीला. दुसरा आला समोरच्या काकांच्या म्हशीचा. हे काका म्हणजे आबांचे लहानपणापासूनचे दोस्त, रोज सकाळचा चहा दोघं एकाच कट्ट्यावर बसून प्यायचे. निकाल लागला तसे काका सगळ्यांसमोर ओरडले, "साडूच्या म्हशीच्या डोळ्यात फूल हाय! तुला दिसलं न्हाय व्हय?" फूल म्हणजे बुबुळावरचा पांढरा डाग. असली म्हैस पहिली येऊच शकत नाही.

"फूल-बिल काय न्हाय," आबा म्हणाले आणि घरी निघून आले.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. कट्टाही रिकामा पडला. नातं बघून निकाल दिला असं गल्लीत लोक बोलायचे, आणि आबांना दुसऱ्या कशाहीपेक्षा ते लागलं होतं. मला तर संतापच यायचा. भाजीच्या गाडीवर काकांच्या सुनेशी माझं कडाक्याचं भांडण झालं. माझे आबा आणि लबाडी? मी तिला मेथीची जुडी दाखवत काय काय बोलले ते आता आठवायला नको.

यंदा दसऱ्यानंतर माझ्याकडे एक नवीन राक्षस आला. गेममध्ये तो नदीखालच्या गुहेत राहतो आणि त्याने मला इतक्यांदा मारलंय की त्याच्याबद्दल थोडी आपुलकीच वाटते. डोकं म्हशीचं, अंग खडकाचं. खोकं उघडलं आणि खोट दिसली. उजवा डोळा लालभडक, त्यात चमकीचा ठिपका. डावा रंगवायचाच राहिलेला, नुसतं पांढरं प्लॅस्टिक. इतक्या लांबून मागवलेल्या मालात ही कामगिरी! परत पाठवायचं ठरवलं आणि फोटो काढायला त्याला टेबलावर ठेवला.

तेवढ्यात आबा आले. म्हशीचं तोंड आहे म्हणून मी मुद्दामच तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी खुरांवरून अंगठा फिरवला, गुडघे वाकवून बघितले, शिंगं चाचपली.

"शिंगं झकास. पाय बारीक हाईत, येवढ्या धडाला पेलायचं न्हाईत."

मी अगदी हेच लिहिणार होते. आता ते डोळ्यावरून कारखानदाराचा कसा उद्धार करतात ते ऐकायला मी मजेत बसले. आबांनी राक्षस नाकाजवळ नेला, त्याचं तोंड इकडून तिकडे फिरवलं.

"डोळं पाणीदार हाईत," ते म्हणाले.

मला वाटलं चेष्टा करताहेत. पण जनावराच्या बाबतीत आबा कधी चेष्टा करत नाहीत.

"डावा बघा की, आबा."

"बघितला. दोन्ही सारखंच हाईत."

पेपर वाचायचं त्यांनी सोडलं होतं, बातम्यांत काही राम नाही म्हणून. चहा बशीत ओतताना सांडायचा, तो हात कापतो म्हणून. पायरी चुकली की चप्पल खराब. प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे कारण होतं आणि आम्ही ते मानत आलो होतो.

"आबा, डावा डोळा रंगवलेलाच न्हाय. पांढरा हाय."

त्यांनी त्या डोळ्यावरून अंगठा फिरवला. पण रंग काही बोटाला लागत नाही.

"पांढरा? फुलासारखा?"

"व्हय."

"माझी टोपी दे," आबा म्हणाले.

राक्षस हातात घेऊनच ते समोरच्या गोठ्याशी गेले. मी मागोमाग गेले. काका म्हैस धूत होते. त्यांनी वर बघितलं आणि बादलीत हात बुडवत म्हणाले, "पावणं, कुणाकडं आलाय?"

वाटेल त्या परक्याला आम्ही पावणं म्हणतो. आबांना काकांनी तसं म्हटलेलं ऐकून मला रडू आलं.

आबांनी राक्षस पुढे केला. "ह्याचं डोळं बघ."

काकांनी लुंगीला हात पुसले. "हे काय आणलंयस? डावा आंधळा हाय की ह्याचा."

"मला दिसला न्हाय. पाणीदार म्हटलं मी. पोरीला इचार. साडूच्या म्हशीचं फूल बी न्हाय दिसलं. लबाडी केली न्हाय मी. पण निकाल चुकला. तुझ्या म्हशीचा नंबर गेला."

काका राक्षसाकडे बघत राहिले, मग आबांकडे.

"कवापास्नं दिसंना झालंय?"

"झाली दोन वर्षं."

"आणि मला सांगितलं न्हाईस?" काका एवढ्या मोठ्यानं ओरडले की म्हैस बिचकली. "नंबर गेला खड्ड्यात. डोळं चालल्यात आणि मला सांगत न्हाईस?"

"सांगितलं असतं तर निकालाला बोलवलं असतं व्हय कुणी?"

दुसऱ्या दिवशी काकाच त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. मोतीबिंदू निघाला, पण साखरही वाढलेली निघाली, म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन पाडव्यानंतर करायचं ठरवलं. राक्षस मी परत पाठवला नाही. परीक्षणात मात्र रंगकामाचे सगळे गुण कापले, आबांनी तेच केलं असतं.

पाडव्याला आबांनी माईक मागून घेतला. गेल्या वर्षीचा निकाल चुकला, मला दिसत नव्हतं आणि मी ते लपवलं, असं सगळ्या गल्लीसमोर सांगितलं. उचगावची मावशी, म्हणजे साडूंची बायको, तेव्हापासून माझा फोन उचलत नाही. यंदा निकाल दुसऱ्यांनी द्यायचा होता. आबा बाजूला खुर्चीवर बसले आणि काका त्यांच्या शेजारी. एकेक म्हैस पुढून गेली की काका आबांच्या कानात ती कशी आहे ते सांगायचे.

"डोळं सांगू नगंस आधी," आबा खेकसायचे. "पायापास्नं सांग."

मग काकांची म्हैस आली, त्यांचा मुलगा तिला घेऊन. काका गप्प झाले.

"का रं, गप का?"

"माझी हाय. माझ्या तोंडानं काय सांगू?"

"सांग," आबा म्हणाले. "तू सांगशील ते मला दिसंल."

काका आबांच्या कानाशी वाकून म्हणाले, "मागचा डावा पाय किंचित वडतीया."

मी बघितलं. खरंच ओढत होती.